टीपा लिहा : कोणत्याही दोन

घणसोली गावठाणात, केवलच्या घराच्या गच्चीवर
आम्ही चौघं, दोन चटया, एक टेबलफॅन,
त्याची वायर जिन्यातून खाली थेट देवघराच्या प्लगपर्यंत.
उद्या साडेदहाला मानसशास्त्र, पेपर दुसरा.
एप्रिल. पाण्याच्या टाकीची सावली सरकते
तसतशा आम्हीही चटया ओढतो.

गौतमीने पुस्तक इतकं रंगवलंय
की न रंगवलेल्या ओळीच आता डोळ्यांत भरतात.
ती विचारणार, आम्ही सांगायचं.
अभिसंधान? घंटा, कुत्रा, लाळ.
विलोपन? घंटा, कुत्रा, जेवण नाही, मग हळूहळू लाळही नाही.
"म्हंजे आपली कॅन्टीन," केवल म्हणतो.
विस्थापन?
मी म्हणालो, मार्केटात गाळेवाला बाबांवर ओरडतो
आणि आमच्या घरी ताट आपटतं.
मस्त, हेच लिही, गौतमी म्हणाली,
स्वतःचं उदाहरण असलं की अर्धा गुण जास्त.
मी समासात लिहून घेतलं : ताट.

अल्पकालीन स्मृतीत सात गोष्टी मावतात,
दोन इकडे, दोन तिकडे.
केवलच्या पाचच. "मना नाय जमत,"
आणि सहाव्या गोष्टीला त्याचा हात
आईने आणून ठेवलेल्या कलिंगडाकडे जातो.

टण् टण्. कधीपासून चाललंय
मागच्या सिडकोच्या बिल्डिंगमधून,
कुणी ग्रिलवर काहीतरी वाजवल्यासारखं.
पोर खेळत असेल.
फर्निचरचं काम काढलं असेल कुणी,
परीक्षेच्या दिवसांत लोकांना काही वाटतच नाही.
संवेदी अनुकूलन, गौतमी म्हणाली, पान एकशे चार :
तोच तो आवाज येत राहिला की मेंदू ऐकेनासा होतो.
खरंच होतं ते. थोड्या वेळाने आम्हाला ऐकू येईना.

मग आला प्रेक्षक परिणाम. पाळी माझी.
डोळे मिटून, एका दमात :
"संकटप्रसंगी बघे जितके अधिक
तितकी प्रत्येकाकडून मदत होण्याची शक्यता कमी,
कारण जबाबदारीचे विभाजन..."
डोळे उघडले तर फरहीन जागेवर नाही.
तिची वही फॅनच्या वाऱ्यावर आपली आपण पुढे चाललेली,
आणि जिन्याच्या तोंडाशी तिच्या चपला, तशाच.

तिसरा मजला. गॅलरीत एक आजी,
साखरांब्याची बरणी उन्हात ठेवायला आलेल्या,
दार मागून लागलेलं, मुलगा महापेला कामावर,
हातात फक्त डाव.
खाली इस्त्रीवाला होता, पानटपरीवर तिघं,
शेजारच्या गच्चीवर पापड उलटणारी केवलची काकू,
आणि आम्ही.
नंतर हिशेब केला, चाळीस मिनिटं.
तेवढ्यात आमची दोन प्रकरणं झाली होती.

फरहीन परत आली ती तळपाय चोळत.
वॉचमनला उठवावं लागलं, किल्ली चौथ्या मजल्यावर निघाली.
बोटं चिकट होती तिची,
आजींनी उभ्या उभ्या डावभर चाटवलं होतं.
"कुठपर्यंत आलो?"
कुणी काही बोललं नाही.
गौतमीने पान उलटलं. "ते झालं," म्हणाली,
"पुढचं घेऊ."

दुसऱ्या दिवशी प्रश्न चौथा, ब, तिसरी टीप.
मी दीड पान लिहिलं. व्याख्या, कारणे,
गर्दीत उभ्या ठिपक्यांची एक आकृती,
उदाहरण म्हणून आजी.
केवलनेही आजीच लिहिल्या.
गौतमीने पट्टी लावून अधोरेखित केल्या.

गेटबाहेर लिंबू सरबताच्या गाडीपाशी
फरहीनला विचारलं, तू?
तिने बर्फ दाताखाली फोडला.
"तो ऑप्शनला टाकला यार,
व्याख्याच आठवेना."